लखनौचा दिवा आणि ग्राहकाचा कौल

अमीनाबादच्या बाजारात भाजी घ्यायला गेलेली गृहिणी चार दुकाने हिंडते, भाव विचारते, घासाघीस करते आणि जिथे माल चोख व दर माफक, तिथेच आपली पिशवी पुढे करते. हा तिचा हक्क कोणत्याही कायद्याने दिलेला नाही; तो बाजाराइतकाच जुना आहे. पण घरी आल्यावर ज्या दिव्याखाली बसून ती तीच भाजी निवडते, त्या दिव्याची वीज कोणाकडून घ्यावी, हा प्रश्न मात्र तिला कोणी विचारलेला नसतो. वीज महाग वाटली तर ती दिवा मालवू शकते. दुकान बदलू शकत नाही. असे का व्हावे? विजेला बाजारातील इतर जिन्नसांपेक्षा निराळा न्याय का लागू झाला? या प्रश्नाचे उत्तर लखनौ शहराच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात चांगले दडलेले आहे. त्याच इतिहासाशेजारी मुंबईचा इतिहास ठेवला, म्हणजे स्वस्त पुरवठादाराकडे जावे की न जावे, या आजच्या प्रश्नावरही बराच प्रकाश पडतो.

लखनौला प्रकाशाचे वेड जुने. आसफउद्दौल्याने १७७५ मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून या शहरात आणली आणि गोमतीच्या काठी इमामबाडे, दरवाजे आणि कोठ्या उभ्या राहू लागल्या. पुढे १८३८ मध्ये महंमद अली शहाने बांधलेला हुसैनाबादचा इमामबाडा तर त्यातल्या झुंबरांसाठीच प्रसिद्ध झाला. मोहरमच्या रात्री तिथे होणारी रोषणाई पाहून परदेशी प्रवासी थक्क होत. पण ही झगमग दरबाराची. सामान्य माणसाच्या घरी गोड्या तेलाचा दिवा मिणमिणत असे, आणि चुलीत लाकूड किंवा गोवऱ्या जळत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्र्याच्या डब्यांतून परदेशी रॉकेल येऊ लागले आणि घरोघरच्या दिव्यांचे रूप पालटले.

या रॉकेलच्या काळात ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य होते, हे इथे ध्यानात ठेवले पाहिजे. डबा ब्रह्मदेशातील तेलाचा घ्यावा की अमेरिकी कंपनीचा, हे गिऱ्हाईक ठरवीत असे. १९२७ साली या स्वातंत्र्याला अकस्मात मोठे मोल आले. न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने रशियातील तेल हिंदुस्थानात विकायला आणले, रॉयल डच शेल कंपनीला ते खपले नाही, आणि दोघांनी एकमेकांवर मात करण्यासाठी भाव पाडण्यास आरंभ केला. दोन बलाढ्य कंपन्यांच्या भांडणात रॉकेल स्वस्त झाले. परंतु या स्वस्ताईचे आयुष्य भांडणाइतकेच होते. लवकरच तडजोड झाली, १९२८ मध्ये बर्मा-शेल ही संयुक्त कंपनी निघाली, आणि भावांची ती लढाई इतिहासजमा झाली. स्वस्त दराचे कारण काय आणि ते कुठवर टिकेल, हे पाहिल्यावाचून त्या दराचा खरा अर्थ कळत नाही, हा धडा त्या रॉकेलच्या डब्यानेच प्रथम दिला.

विजेची गोष्ट वेगळ्या रीतीने सुरू झाली. १९१० साली हिंदुस्थान सरकारने विजेचा कायदा केला. त्यानुसार एखाद्या गावाला वीज पुरवायची तर सरकारचा परवाना घ्यावा लागे. परवाना मिळाला की रस्ते खोदण्याचा, खांब पुरण्याचा, तारा ओढण्याचा अधिकार मिळे. आणि त्याबरोबर मागेल त्याला वीज देण्याचे बंधनही येई. लखनौचा असा परवाना १९१४ सालचा. तो चालविणारी युनायटेड प्रॉव्हिन्सेस इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी अलाहाबादलाही वीज पुरवीत असे, आणि तिचा कारभार कलकत्त्याच्या मार्टिन आणि कंपनी या पेढीकडे होता. सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांच्या कर्तृत्वाने नावारूपास आलेली ही पेढी. कलकत्त्याचे व्हिक्टोरिया स्मारक तिनेच बांधले.

आता आश्चर्याची बाब अशी की, १९१० च्या या कायद्याने कोणालाही मक्तेदारी दिलेली नव्हती. एकाला परवाना दिला म्हणून त्याच क्षेत्रात, त्याच कामासाठी दुसऱ्याला परवाना देण्यास अडथळा येणार नाही, असे त्यात स्पष्ट कलम होते. म्हणजे लखनौच्या चौकात दोन कंपन्यांच्या तारा शेजारी शेजारी धावाव्यात आणि घरमालकाने हवी ती पत्करावी, याला कायद्याची ना नव्हती. तरीही दुसरी कंपनी आली नाही.

याचे कारण कायद्यात नसून विजेच्या धंद्यात आहे. भाजीवाल्याचा माल विकला गेला नाही तर तो टोपली उचलून दुसऱ्या गल्लीत जातो. वीज कंपनीची टोपली जमिनीत पुरलेली असते. वीजघर, रोहित्रे, खांब आणि तारा यांत पैसा आधी गुंतवावा लागतो. गिऱ्हाईक नंतर येते. शिवाय वीज साठवून ठेवण्याची सोय त्या काळी नव्हतीच म्हटले तरी चालेल. संध्याकाळी सारे शहर एकदम दिवे लावणार, म्हणून त्या दोन-चार घटकांसाठी मोठी यंत्रे उभारायची, आणि दुपारी ती निम्मीअधिक रिकामी ठेवायची, असा हा व्यवहार. एकाच गल्लीत दोघांनी तारा ओढल्या, तर खर्च दुप्पट होतो आणि गिऱ्हाईक मात्र निम्मे निम्मे वाटले जाते. परिणामी दोघांचीही वीज महाग पडते. ज्या स्पर्धेने भाजी स्वस्त होते, तीच स्पर्धा इथे वीज महाग करू शकते. म्हणूनच जगातील बहुतेक शहरांत एका गल्लीला एक तार, हाच शिरस्ता पडला आणि लखनौनेही तोच स्वीकारला.

मग त्या काळच्या लखनौकरापुढे निवड तरी कोणती होती? एकच: वीज घ्यावी की रॉकेलच्या कंदिलावर भागवावे. वस्तुतः वीज कंपनीचा खरा प्रतिस्पर्धी रॉकेलवाला होता. हळूहळू या निवडीचे पारडे विजेकडे झुकत गेले, ते केवळ दरामुळे नव्हे. वीज आल्याने जीवनात काही नवे दाखल होत होते. १९२६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या परिश्रमाने याच शहरात मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले, आणि दोन वर्षांनी श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याची धुरा घेतली. मुंबईकडच्या या मंडळींनी लखनौला आपले मानले. १९३८ च्या एप्रिलमध्ये लखनौचे नभोवाणी केंद्र चालू झाले. कंदिलाच्या उजेडात पोथी वाचता येई; पण घरात बसून दूरवरचे गाणे ऐकायचे तर बहुधा भिंतीतल्या विजेचीच गरज पडे. रॉकेलचा भाव कितीही उतरला, तरी तो रेडिओला वाचा देऊ शकत नव्हता.

तथापि एकाच विक्रेत्याच्या हाती शहर सोपवायचे, तर त्याला लगाम हवा. तो लगाम १९१० च्या कायद्यानेच ठेवला होता. ठराविक मुदत भरल्यावर कंपनीचा सारा पसारा रास्त किंमत देऊन विकत घेण्याचा हक्क सार्वजनिक सत्तेला होता, आणि ही पहिली मुदत जास्तीत जास्त ५० वर्षांची असे. म्हणजे एकेका घराला जी निवड नव्हती, ती सबंध शहराच्या वतीने सरकारला होती. पण पन्नास वर्षांतून एकदा! स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळे स्थापण्याची तरतूद केली. उत्तर प्रदेशाचे मंडळ १९५९ मध्ये अस्तित्वात आले. रिहंद नदीवरचे प्रचंड धरण १९६२ मध्ये पुरे झाले आणि एकेका शहराने आपापले वीजघर चालविण्याचे दिवस सरत चालले. १९१४ मध्ये ५० मिळवले की १९६४ येते. त्या वर्षी १६ सप्टेंबर संपून १७ सप्टेंबर लागताना, मध्यरात्री, लखनौ आणि अलाहाबाद येथील कंपनीचा कारभार राज्य वीज मंडळाने आपल्या ताब्यात घेतला.

त्या रात्री लखनौच्या प्रत्येक घराचा पुरवठादार बदलला. खांब तेच, तारा त्याच. बिलावरचे नाव मात्र नवे. ग्राहकाने ना अर्ज केला होता, ना दरांची तुलना केली होती. त्याच्या वतीने राज्याने कौल दिला होता, आणि तोही केवळ स्वस्त कोण, या एका प्रश्नावर नव्हे. वीज खेड्यापर्यंत न्यायची, शेतीच्या पंपाला द्यायची, गरिबाला झेपेल अशा दराने द्यायची, हे त्यामागचे हेतू होते. पण बदलाची किंमत कोणालातरी मोजावी लागतेच. कंपनीच्या कामगारांची जुनी नोकरी संपली आणि नवी मंडळाकडे सुरू झाली. मधल्या भरपाईचा वाद पुढे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि त्याचा निकाल १९६९ मध्ये लागला. पुरवठादार बदलणे म्हणजे केवळ बिलावरचे नाव बदलणे नव्हे, हे या खटल्यावरून दिसून येते.

लखनौच्या घराला जी निवड मिळाली नाही, ती पुढे मुंबईच्या उपनगरांतील घरांना मिळाली. कायदा तोच, १९१० सालचा. पण मुंबईची घडण निराळी. तिथे १९०५ पासून ट्रामगाड्या चालविणारी कंपनी शहराला वीज देत होती आणि १९४७ मध्ये ती महानगरपालिकेची झाली. टाटांच्या जलविद्युत योजनेचा परवाना १९०७ चा. खोपोलीच्या वीजघरातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांकडे वीज धावू लागली. उपनगरांसाठी १९२९ मध्ये तिसरी कंपनी निघाली. अनेक दशके यांच्यात अलिखित वाटणी राहिली: टाटांनी मोठी वीज घाऊक विकावी आणि इतरांनी ती घरोघर पोचवावी. या शतकाच्या आरंभी ही वाटणी मोडली. उपनगरांची कंपनी आता रिलायन्सच्या हाती आली होती. टाटांना किरकोळ ग्राहकाला वीज विकता येते काय, हा वाद आयोग, अपील न्यायाधिकरण अशा पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ८ जुलै २००८ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, टाटांचे जुने परवाने लहानमोठ्या सर्व ग्राहकांना लागू आहेत. शतकापूर्वीचा कागद असा एकाएकी जिवंत झाला.

अडचण तारांची होती. टाटांच्या तारा गल्लीगल्लीत नव्हत्या. तेव्हा ऑक्टोबर २००९ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने तोड काढली: ग्राहकाने जुन्या कंपनीच्याच तारेवरून नव्या कंपनीची वीज घ्यावी, आणि तारेच्या वापराचे भाडे वेगळे भरावे. आता अंधेरी-बोरिवलीच्या गृहिणीपुढे खरोखरच भाजीबाजारासारखा प्रश्न आला. टाटांचा दर त्या वेळी कमी होता. काही लाख घरांनी जुना पुरवठादार सोडला.

पण थोड्याच अवधीत बिलाचे गणित गुंतागुंतीचे झाले. वीजदरांत मोठ्या ग्राहकाकडून थोडे जास्त घेऊन लहान ग्राहकाला थोडे स्वस्त देण्याची प्रथा असते. जास्त वीज वापरणारी घरे आणि दुकाने नव्या कंपनीकडे गेली, की जुन्या कंपनीकडे लहान ग्राहक उरतात, आणि त्यांना आधार देणारा पैसा आटतो. शिवाय मागील वर्षांचा जो खर्च दरांतून वसूल व्हायचा राहिलेला असतो, तो कोणी फेडायचा? वीज वापरून निघून गेलेल्याने, की मागे राहिलेल्याने? म्हणून २०११ मध्ये बदलून गेलेल्या ग्राहकांवर अधिभार बसला, आणि पुढे जुन्या येण्यातील त्यांचा वाटाही त्यांच्या बिलात आला. २०१२ मध्ये तर आयोगाने ही मुभा काही काळापुरती मुख्यतः महिना ३०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरांपुरती मर्यादित केली, म्हणजे लाभ आधी लहानांना मिळावा. ते बंधनही वादात सापडले. विजेचा दर, तारेचे भाडे, अधिभार आणि जुनी येणी यांची बेरीज केल्यावर कित्येक घरांच्या ध्यानात आले की पहिल्या दिवशीचा फरक आता उरलेला नाही, आणि काहीजण परत फिरले. यापैकी कोणी मूर्ख ठरले असे नव्हे. ज्या दिवशी त्यांनी निर्णय घेतला, त्या दिवशी तो बरोबरच होता. बदलले ते दर आणि नियम. १९२७ चा रॉकेलचा डबा आणि २००९ चे वीजबिल यांच्यातील नाते इथे स्पष्ट होते.

ज्या इंग्लंडच्या वळणावर आपला १९१० चा कायदा घडला, त्या देशातही असाच अनुभव आला. तिथे १९९८-९९ मध्ये प्रत्येक घराला वीज-विक्रेता निवडण्याची मोकळीक मिळाली. विक्रेते वाढले, दर तोलून पाहण्याची सवय लागली आणि पुष्कळांचा फायदाही झाला. पण २०२१ मध्ये वायूचे घाऊक भाव भडकले, तेव्हा स्वस्त दराचे वचन देऊन बसलेले अनेक लहान विक्रेते बुडाले. घरे अंधारात राहिली नाहीत, कारण नियामकाने त्यांना दुसऱ्या विक्रेत्याकडे सोपविले. परंतु त्या बुडीताचा खर्च सर्व ग्राहकांच्या बिलांवर पसरला. ज्यांनी स्वस्त विक्रेत्याकडे कधी पाऊलही टाकले नव्हते, त्यांनीही तो सोसला.

आता पुन्हा लखनौकडे वळू. उत्तर प्रदेशाचे वीज मंडळ जानेवारी २००० मध्ये विसर्जित होऊन त्याच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या, आणि २००३ मध्ये लखनौचा पुरवठा मध्यांचल विद्युत वितरण निगमाकडे आला. त्याच वर्षीच्या नव्या केंद्रीय कायद्याने दुसऱ्या परवान्याची जुनी वाट कायम ठेवली, मात्र दुसऱ्याने आपल्या स्वतःच्या तारा आणाव्यात अशी अट घातली. मोठ्या कारखान्यांना दुसरीकडून वीज आणण्याची मोकळीक मिळाली, घरांना नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये एकाच तारेवरून अनेक विक्रेत्यांना वीज विकू देण्याचे विधेयक लोकसभेत आले, स्थायी समितीकडे गेले, आणि २०२४ मध्ये त्या लोकसभेची मुदत संपेपर्यंत त्याचा कायदा झाला नाही.

मात्र लखनौच्या स्वयंपाकघरात निवडीने निराळ्या वाटेने प्रवेश केला. २००५ मध्ये गेल आणि इंडियन ऑइल या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून लखनौ व आग्रा या शहरांसाठी ग्रीन गॅस ही कंपनी काढली आणि नळाने गॅस घरात येऊ लागला. जानेवारी २०१४ मध्ये देशातील ४८० जिल्ह्यांत सिलिंडरचा विक्रेता किंवा कंपनी बदलण्याची सोयही झाली. तिथे दरात फरक नगण्य, पण सेवेत पुष्कळ. सिलिंडर की नळ, हा प्रश्न मात्र खऱ्या अर्थाने हिशेबाचा आहे. सिलिंडरचा गॅस किलोवर मोजतात, नळाचा घनमीटरवर. त्यामुळे नुसते दोन आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. उष्णतेच्या हिशेबाने १४.२ किलोचा एक भरलेला सिलिंडर नळाच्या सुमारे १७ ते १८ घनमीटर गॅसइतका भरतो. तेव्हा घनमीटरच्या दराला १८ ने गुणावे, त्यात जोडणीच्या अनामतीचा आणि स्थिर आकाराचा मासिक वाटा मिळवावा, आणि मग तो आकडा सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहावा. सिलिंडर अचानक संपण्याची चिंता जाते हा नळाचा लाभ. भाड्याचे घर सोडताना नळ बरोबर नेता येत नाही, ही त्याची मर्यादा. आणि गॅसचा नळदेखील, विजेच्या तारेप्रमाणे, गल्लीत एकाच कंपनीचा असतो.

या साऱ्या इतिहासाचा अर्थ असा नव्हे की ग्राहकाने पुरवठादार बदलूच नये. आपला पैसा राखणे हा प्रत्येक घराचा धर्मच आहे, आणि ग्राहक हलू शकतो ही भीती नसेल तर विक्रेताही सुस्तावतो. पण वीज आणि गॅस यांचा दर हा भाजीच्या दरासारखा एका टोपलीचा दर नसतो. त्यात तारेचे भाडे असते, मागची येणी असतात आणि शेजाऱ्याचा वाटाही असतो. म्हणून स्वस्त कोण, या प्रश्नाच्या आधी आणखी तीन प्रश्न विचारणे इष्ट: तार किंवा नळ कोणाच्या मालकीचा आहे, आजचा दर कोणत्या कारणाने कमी आहे, आणि आपण निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांचे ओझे वाढणार आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे घरच्या घरी, बिल हातात घेऊन शोधता येतात. तिसऱ्याचे उत्तर एकट्या घराला देता येत नाही; ते आयोगाने, विधिमंडळाने आणि शहराने मिळून द्यायचे असते. १९६४ च्या त्या मध्यरात्री लखनौच्या वतीने ते कोणीतरी दिले. उद्या तिथे दुसरी तार आली किंवा त्याच तारेवर दुसरा विक्रेता आला, तर अमीनाबादच्या त्या गृहिणीलाही आपला कौल देता येईल. तेव्हा तिच्या हातात दरांचे दोन कागद असतील. पण खालच्या गल्लीत एका खोलीत राहणाऱ्या, महिन्याला चाळीस-पन्नास युनिटे वापरणाऱ्या घराचे बिल दोन्ही कागदांवर नसेल. ते कोणीतरी तिच्यापुढे मांडले पाहिजे.